थांबायचं नाव न घेणाऱ्या प्रोग्रॅमसाठी ‘आयसोलेट’: तीन सत्रं वापरून झाल्यावर

रात्री साडेअकराला विद्यार्थ्यांच्या प्रोग्रॅमची आपोआप तपासणी लावली आणि झोपले. सकाळी बघते तर ६१ पैकी १७ सबमिशन तपासून झालेली, अठराव्यावर सगळं ठप्प, आणि मशीनचा पंखा कर्णकर्कश ओरडतोय. गंमत म्हणजे माझ्या पायथनच्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमला ५ सेकंदांची मर्यादा घातलेली होती. मग अठरावा सहा तास कसा चालला?

उत्तर शोधण्यात अर्धा दिवस गेला. माझी स्क्रिप्ट विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम शेलमार्फत (आज्ञा चालवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅममार्फत) चालवायची. पाच सेकंद झाल्यावर तिने शेलला मारलं, पण शेलने जन्माला घातलेला खरा प्रोग्रॅम अनाथ होऊन तसाच फिरत राहिला. त्याच्या हातात आउटपुटच्या पाइपचं टोक होतं, आणि माझी स्क्रिप्ट तो पाइप बंद व्हायची वाट बघत बसली. मारेकरीच मेलेल्याच्या दारात बसून राहिला, असा प्रकार. यावर उपाय आहे: प्रोग्रॅम वेगळ्या सेशनमध्ये सुरू करायचा आणि मारताना अख्खा प्रोसेस ग्रुप, म्हणजे त्याने सुरू केलेली पिलावळसुद्धा, मारायचा. पण तोवर मला कळून चुकलं होतं, की हे काम माझ्यासारख्या हौशी हाताने करायचं नाही. शेवटी मी ‘आयसोलेट’वर आले: परका प्रोग्रॅम बंद पेटीत चालवणारं आणि मर्यादा संपली की मारणारं मोफत साधन. त्याचाच हा अनुभव.

मी पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंगचं प्रॅक्टिकल घेते. सी, पायथन आणि दुसऱ्या सत्रात जावा. पहिल्या वर्षाच्या मुलांचे प्रोग्रॅम थांबत नाहीत, यात नवल काहीच नाही. व्हाइलच्या कंसानंतर चुकून टाकलेला अर्धविराम, लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात) वाढवायचा राहिलेला आय हा मोजणीचा आकडा, शून्यापेक्षा मोठा किंवा समान असेपर्यंत उलटा मोजत नेलेला अनसाइन्ड आकडा (तो शून्याखाली जातच नाही). शिवाय ०.१ ची भर घालत बरोबर १.० व्हायची वाट बघणारा लूप. दहा वेळा भर घातली की पायथनमध्ये ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं, १.० येतच नाही, आणि लूप त्याच्या शेजारून निघून जातो. या चुका व्हायलाच हव्यात, त्यातूनच शिकतात. प्रश्न तपासणाऱ्या यंत्राचा आहे.

याआधी आमच्याकडे एक तयार, विकतची तपासणी सेवा होती. नाव घेत नाही. तिथे न थांबणारा प्रत्येक प्रोग्रॅम एकाच शिक्क्याखाली यायचा: ‘टाइम लिमिट एक्सीडेड’, शून्य गुण. आउटपुट नाही, कुठल्या टेस्टवर अडकला ते नाही. मुलं तोच प्रोग्रॅम सात-आठ वेळा पुन्हा सबमिट करायची, जणू सर्व्हरचा मूड बदलेल. आणि डेडलाइनच्या रात्री तो खरंच बदलायचा! दुपारी पास झालेला प्रोग्रॅम रात्री नापास, कारण मोजमाप घड्याळाच्या वेळेचं आणि मशीनवर गर्दी. चोर सोडून संन्याशाला फाशी.

ती सेवा सुटल्यावर मी स्वतःची स्क्रिप्ट लिहिली (तिचं काय झालं ते वर आलंच). मग लिनक्सची साधी ‘टाइमआउट’ ही आज्ञा वापरून पाहिली. ग्नू कोअरयुटिल्स या मूलभूत आज्ञांच्या संचात ती २००८ पासून आहे आणि माझ्या मते प्रत्येक शिक्षकाने पहिल्यांदा तीच वापरावी. मर्यादा ओलांडली की ती प्रोग्रॅमला सिगटर्म हा ‘थांब’ सांगणारा सिग्नल पाठवते आणि स्वतः १२४ हा कोड देऊन बाहेर पडते. सिगटर्म म्हणजे विनंती, प्रोग्रॅम ती धुडकावू शकतो. म्हणून ‘किल-आफ्टर’चा पर्याय द्यायचा, म्हणजे थोड्या वेळाने सिगकिल जातो आणि त्याला नाही म्हणता येत नाही. एकट्याने बसून दहा-वीस प्रोग्रॅम तपासायचे तर एवढं पुरतं. पण हेही घड्याळच बघतं. एकाच वेळी आठ प्रोग्रॅम चालवले की गरीब बिचारे हळू पडतात आणि मारले जातात.

भाषेच्या आतूनच वेळ लावण्याचा नादही केला. जावाच्या टेस्ट चालवणाऱ्या जेयुनिट ५ मधलं ‘असर्ट टाइमआउट’ हे नाव वाचून कुणालाही वाटेल की हे थांबवतं. ते थांबवत नाही! प्रोग्रॅम संपेपर्यंत शांतपणे थांबतं आणि मग सांगतं, उशीर झाला बरं का. न संपणाऱ्या लूपवर याचा उपयोग शून्य. मध्येच तोडायचं तर ‘असर्ट टाइमआउट प्रीएम्प्टिव्हली’ घ्यावं लागतं, पण तेही थ्रेडला (प्रोग्रॅमच्या चालू धाग्याला) फक्त इंटरप्टची, म्हणजे ‘थांब’ची, चिठ्ठी पाठवतं. विद्यार्थ्याचा लूप ती चिठ्ठी वाचत नसेल, तर टेस्ट नापास होऊन पुढे जाते आणि तो थ्रेड मागे सीपीयू खात राहतो. पायथनमध्ये तऱ्हा वेगळी. पायथनच्या टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टचं टाइमआउट प्लगइन सिग्नल आला की आतून एक्सेप्शन (चूक झाल्याची सूचना) फेकतं, आणि आमच्या मुलांना ‘ट्राय’खाली नुसतं ‘एक्सेप्ट’ लिहून पुढे ‘पास’ लिहायची भारी हौस. लूपच्या आत असं असलं की ते एक्सेप्शन गिळून प्रोग्रॅम परत कामाला लागतो. ज्याला मारायचं त्याच्याच घरात राहून मारता येत नाही, बाहेरूनच यावं लागतं.

तर आता आयसोलेट. हे मूळ प्रोग्रॅमिंग स्पर्धांसाठी बनवलेलं सँडबॉक्स, म्हणजे प्रोग्रॅम बंदिस्त ठेवून चालवणारी पेटी, आहे. मार्टिन मारेश आणि बर्नार्ड ब्लॅकहॅम या दोघांनी २०१२ मध्ये त्यावर लेख लिहिला. माहितीशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये जी स्पर्धा-प्रणाली वापरतात, तिच्या पोटात हेच बसलेलं आहे. मोफत आहे, स्रोत खुला आहे, फक्त लिनक्सवर चालतं.

काम तीन पायऱ्यांचं. आधी ‘इनिट’ करून एक कोरी पेटी तयार करायची, मग ‘रन’, शेवटी ‘क्लीनअप’. पेटीतल्या प्रोग्रॅमला बाहेरचं नेटवर्क दिसत नाही, बाकीच्या प्रोसेस दिसत नाहीत. त्याने मुलं-नातवंडं जन्माला घातली तरी ती सगळी त्याच पेटीत, आणि पेटी बंद केली की एकही मागे उरत नाही. माझ्या अठराव्या सबमिशनचं भूत इथे निर्माणच होत नाही. पहिल्याच आठवड्यात ते जुनं सबमिशन मुद्दाम शोधून आयसोलेटमध्ये टाकलं. दोन सेकंदांत निकाल.

पण मी आयसोलेटवर खूश आहे ते मारण्यासाठी नाही. मारणं इतरांनाही जमतं. हे मारल्यावर पंचनामा नीट करतं. ‘मेटा’ नावाची एक छोटी फाइल लिहून देतं, आणि त्यात सीपीयूचा वेळ (प्रोसेसर प्रत्यक्ष राबला तो) वेगळा, घड्याळाचा वेळ वेगळा. या दोन आकड्यांतच निम्मं निदान होतं. सीपीयूचा आकडा त्याच्या मर्यादेला भिडलेला असेल तर प्रोग्रॅम गरागरा फिरत होता. सीपीयूचा वेळ ०.०२ आणि घड्याळाचा १५ असेल तर तो फिरत नव्हताच, कशाची तरी वाट बघत बसला होता. एखाद्याने ‘स्लीप’ (इतका वेळ झोपून राहा) लिहिलेलं असतं, किंवा आपणच इनपुटचं टोक उघडं सोडलेलं असतं. आयसोलेटचा निरोपही त्याप्रमाणे बदलतो, घड्याळाने मारलं असेल तर कंसात ‘वॉल क्लॉक’ लिहितं.

इथे माझी एक फजिती सांगते. सुरुवातीला मी फक्त ‘टाइम’ची मर्यादा दिली होती, ‘वॉल-टाइम’ दिलीच नाही. ‘टाइम’ मोजतं सीपीयूचा वेळ. एका पोराने ‘कंप्युटर विचार करतोय’ असा आभास निर्माण करायला मोठं ‘स्लीप’ टाकलेलं. झोपलेला प्रोग्रॅम सीपीयू वापरत नाही, त्यामुळे मर्यादा कधी ओलांडलीच जात नाही, आणि तपासणी परत एकदा सकाळपर्यंत त्याच्या उशाशी. मॅन्युअलमध्ये दोन्ही पर्याय एकाखाली एक लिहिलेले आहेत. मी वाचले नव्हते, दोष माझा. आता दोन्ही देते: सीपीयू २ सेकंद, घड्याळ १५.

आणि एक तिसरा पर्याय आहे, ‘एक्स्ट्रा-टाइम’. मर्यादा संपली तरी लगेच न मारता अजून थोडा वेळ द्यायचा. निकाल ‘वेळ संपली’ असाच येतो, पण प्रोग्रॅम २.३ सेकंदांत संपणारा होता की संपणाराच नव्हता, हे कळतं. स्पर्धेत हा फरक कुणी विचारत नाही. वर्गात सगळा फरक तोच आहे.

कारण हळू आणि अनंत यांतली रेघ यंत्राला दिसत नाही. कुठलाही प्रोग्रॅम थांबेल की नाही हे सांगणारी एकच एक सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाने १९३६ मध्येच दाखवून ठेवलं. वर्गात मी हे कोलाट्झच्या असाइनमेंटने शिकवते. सम असेल तर निम्मा करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, एक येईपर्यंत चालू द्या. २७ पासून सुरू केलं तर १११ पायऱ्या लागतात आणि मध्ये आकडा ९२३२ पर्यंत उड्या मारून येतो. प्रत्येक आकड्यासाठी हे थांबतंच, असं अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. आणि अशा प्रश्नावर मी दोन सेकंदांची मर्यादा लावून गुण देते!

याच असाइनमेंटवरचं एक सबमिशन माझ्या कायम लक्षात आहे. मुलगी हुशार, कोड नेटका, पहिल्या दोन टेस्ट चालल्या आणि तिसरीवर अडकली. जुन्या सेवेने तिला ‘टाइम लिमिट एक्सीडेड’ एवढंच सांगितलं असतं आणि ती कोड वेगवान करायला बसली असती. मी आता अडकलेल्या टेस्टच्या आउटपुटच्या पहिल्या वीस ओळी विद्यार्थ्याला दाखवते. तिला दिसलं: ५, १४, ७, २०, १०, ५, १४, ७, २०, १०, ५... तिने तिथेच कपाळावर हात मारला. ‘मॅडम, मी अधिक एकच्या जागी वजा एक लिहिलंय.’ तिप्पट करून एक वजा केला तर ५ वरून निघालेला माणूस पाच पायऱ्यांत परत ५ वरच येतो, घाण्याच्या बैलासारखा. ३ वर मात्र हाच चुकीचा प्रोग्रॅम ३, ८, ४, २, १ असा छान थांबतो, त्यामुळे घरी ३ देऊन बघितल्यावर तिला काही संशय आला नव्हता. पायऱ्या मोजून बघितल्या असत्या तर आला असता, पण ते कोण करतं?

हे वीस ओळींचं काम आयसोलेट आपोआप करत नाही, ते आपण वरून बांधायचं. आणि त्यात एक खोच आहे. आउटपुट फाइलमध्ये जात असेल तर पायथन आणि सी दोघेही ते लगेच लिहीत नाहीत, बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठवतात. मर्यादा संपून सिगकिल आला की कमी आउटपुट देणाऱ्याचा बफर प्रोग्रॅमबरोबरच मरतो आणि आपल्या हाती कोरी फाइल येते. विद्यार्थी शपथेवर सांगतो की प्रिंट लिहिलेलं आहे, आणि ते खरं असतं. पायथनला ‘अनबफर्ड’चा यू पर्याय देऊन चालवा, सीच्या प्रोग्रॅमला बफर आवरणारी ‘एसटीडीबफ’ ही आज्ञा लावा. हे केलं नाही तर बाकी सगळी हुशारी वाया.

उलट टोकाचा प्रकार म्हणजे आउटपुटचा पूर. लूपमध्ये प्रिंट असेल तर दोन सेकंदांतही फाइल चांगलीच फुगते. त्यासाठी ‘एफसाइझ’ची, म्हणजे फाइलच्या आकाराची, मर्यादा, मी १ एमबी ठेवते. सीचा प्रोग्रॅम ती ओलांडताना २५ क्रमांकाच्या सिग्नलने मरतो. पायथन मात्र तो सिग्नल कानाआड करतं आणि ‘फाइल टू लार्ज’ अशी एरर देतं. मग विद्यार्थी फोन घेऊन येतो, ‘मॅडम, मी तर कुठलीच फाइल उघडली नाही.’ त्याचं बरोबरच आहे. या एररला मी आता सरळ मराठी वाक्य लावलंय: तुमचा प्रोग्रॅम न थांबता छापत सुटला आहे, लूपची अट बघा.

तक्रारी आहेत. बसवायला रूट (मशीनवरचे सगळे अधिकार) लागतो, आणि कॉलेजच्या सर्व्हरवर रूट मागणं हे एक भिजत घोंगडं. नवी आवृत्ती सीग्रुपच्या (प्रोसेसच्या गटावर मर्यादा घालणाऱ्या लिनक्सच्या सोयीच्या) दुसऱ्या पिढीवर चालते, सर्व्हर जुना असेल तर आधी तेच निस्तरावं लागतं. डॉकरच्या (प्रोग्रॅम कंटेनरमध्ये वेगळा ठेवून चालवणाऱ्या साधनाच्या) आत चालवायचं तर कंटेनरला विशेष अधिकार द्यावे लागतात, म्हणजे एका भिंतीला भोक पाडून दुसरी भिंत बांधायची. मला ते पटत नाही, मी थेट मशीनवर चालवते. मॅन्युअल अचूक आहे पण कोरडं, शिक्षकासाठी लिहिलेलं नाही. आणि मूळ मर्यादा एका प्रोसेसची असते, हे कळायच्या आत मी जावाची पहिली असाइनमेंट लावली. सगळीच्या सगळी सबमिशन नापास. जावाचं व्हर्च्युअल मशीन स्वतःसाठीच कितीतरी थ्रेड काढतं, त्याला एकावर कसं भागणार? ‘प्रोसेसेस’ पर्याय वाढवला आणि गाडी चालू झाली, पण तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर वर्गाने माझा उद्धार केला होता.

एक दोष मात्र मी आयसोलेटच्या माथी मारला आणि नंतर मागे घेतला. मध्यंतरी तपासणी एआरएम या इंटेलपेक्षा वेगळ्या जातीच्या प्रोसेसरच्या मशीनवर हलवली. त्या आठवड्यात सीचे चार-पाच प्रोग्रॅम अचानक अनंत फिरायला लागले, जे विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर चोख चालत होते. ‘माझ्याकडे चालतं’ हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकते आणि त्यावर विश्वास ठेवायचं केव्हाच सोडलंय, तरी यावेळी एकाचा लॅपटॉप समोर ठेवून बघितलं. खरंच चालत होतं. कोडमध्ये ‘गेटकॅर’ या एकेक अक्षर वाचणाऱ्या फंक्शनने आलेलं अक्षर ‘कॅर’ प्रकारच्या चलात घेऊन ते फाइलच्या शेवटाच्या खुणेशी, म्हणजे उणे एकशी, ताडून बघितलं होतं. इंटेलच्या मशीनवर ‘कॅर’ला उणे चिन्ह असतं, म्हणून उणे एक ओळखू येतो. एआरएमवरच्या लिनक्समध्ये ‘कॅर’ मूळचाच बिनचिन्हाचा, त्यात उणे एक घातला की २५५ होतो, आणि २५५ कधीच उणे एक होत नाही. चूक विद्यार्थ्यांचीच, ‘इंट’ घ्यायला हवा होता. पण ती चूक शिकवताना मी कधी सांगितली होती का? नाही. सगळ्यांचे गुण परत दिले आणि पुढच्या तासाला फळ्यावर २५५ लिहून सुरुवात केली.

आता माझी घडी अशी बसली आहे. प्रत्येक असाइनमेंटच्या टेस्ट लहान इनपुटपासून मोठ्याकडे लावते. माझं स्वतःचं उत्तर त्याच भाषेत, त्याच मशीनवर जेवढा वेळ घेतं त्याच्या पाचपट मर्यादा, पण २ सेकंदांपेक्षा कमी नाही. ओळीने तीन टेस्ट वेळ संपल्यामुळे नापास झाल्या की पुढच्या चालवत नाही, नाहीतर बारा टेस्ट गुणिले साठ मुलं या हिशेबाने रात्र सरते. सर्वांत लहान इनपुटवरही अडकला तर निरोप ‘लूप थांबत नाही’. लहानांवर चालतो, मोठ्यांवर अडकतो, तर निरोप ‘बहुधा हळू आहे, पण एखाद्या ठरावीक आकड्यावर फिरत असण्याचीही शक्यता आहे’. सीपीयू रिकामा आणि घड्याळ भरलेलं, तर ‘कशाची वाट बघताय?’ शेवटच्या निरोपावर मुलं हसतात, पण लगेच ‘स्लीप’ शोधतात.

तारे द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा जावाच्या त्या दिवसासाठी कापला, आणि तोही खरं तर मॅन्युअल न वाचण्याबद्दल माझाच कापायला हवा. दहा-पंधराच विद्यार्थी असतील तर हा खटाटोप करू नका, ‘टाइमआउट’ने भागेल.

‘बहुधा हळू’ या मधल्या निरोपाची सबमिशन मात्र मी अजून हाताने वाचते. गेल्या सत्रातलं एक: फिबोनाचीची चाळिसावी संख्या, साध्या रिकर्शनने, पायथनमध्ये. विद्यार्थी भांडायला आला की लूपच नाही तर अनंत कसा? मी म्हटलं अनंत नाहीच, पण तुझं फंक्शन स्वतःला किती वेळा हाक मारतं ते मोज. कागदावर लहान आकड्यांपासून नियम काढत अर्ध्या तासाने आला आणि ३३,११,६०,२८१ असा आकडा पुढे केला. ‘तेहतीस कोटी, मॅडम.’ निम्मे गुण दिले, आणि आधीची उत्तरं यादीत साठवून परत सबमिट करायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला मेटा फाइलमध्ये सीपीयूचा वेळ आला ०.०३.